फाटकावरची हळद

शेतखार,
१६ मार्च २०२५

चि. सुचिता हिला काकाचे आशीर्वाद, आणि जावयांना रामराम.

पत्र बघून हसशील. हसून घे. मोबाइल आहे माझ्याकडे, आमच्या पोराने, हर्षदनेच घेऊन दिला, पण हल्ली त्यात नुसती खरखर असते, समोरचा काय बोलतो ते पोचतच नाही. तुझी काकी म्हणते, खरखर मोबाइलमध्ये नाही, तुमच्या कानात आहे. बायजाचं काय मनावर घ्यायचं? रिटायर होताना रेल्वेच्या डॉक्टरने माझे कान तपासले होते, पास झालो होतो. आजकाल माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात. पत्रातलं अक्षर कसं, जिथल्या तिथे असतं.

तर बातमी अशी की हर्षदचं लग्न ठरलं. मुलगी चौलची, शिवानी. त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. मुलगी हसतमुख आहे आणि खणखणीत बोलते, तिचं सगळं मला नीट कळलं. लग्न २७ एप्रिलला, हळद आदल्या दिवशी. भाऊ गेल्यावर तू माझीच लेक, तेव्हा करवलीचा मान तुझा. धवले, म्हणजे हळदीची-लग्नाची गाणी, म्हणायला अर्थात आपल्या गावची मनुबाई. तिच्या धवल्यांशिवाय आपल्याकडे कुणाचं लग्न लागलंय?

काळजी एकच, हर्षदच्या सुट्टीची. आमच्या वेळेला रेल्वेच्या फाटकावर, आपल्या गेटवर, तिघं होतो, आठ-आठ तास करायचो. मी रिटायर झालो आणि एक जागा रिकामी पडली ती पडलीच. आता हर्षद आणि प्रज्योत, दोघंच, बारा-बारा तास. एकाने सुट्टी घेतली तर बाहेरून बदली माणूस यावा लागतो, आणि तो सगळ्या लाइनीला मिळून एक.

जावईबापू गेल्या खेपेला विचारत होते ना, गेटवर दिवसभर बसून करता काय म्हणून? त्यांना सांग, आपलं गेट अजून हाताचं आहे. स्टेशनवरून मास्तरचा फोन येतो की गाडी यायची आहे. आपण चाक फिरवून दांडे खाली घ्यायचे, कुलूप घालायचं आणि फोनवर तसं सांगायचं, मग गाडी सुटते. म्हणजे बसून असलो तरी कान फोनकडे ठेवून बसायचं असतं. खानावळ चालवण्यापेक्षा सोपं नाही म्हणावं.

तुझा काका,
अंबाजी


हरिहरेश्वर,
२४ मार्च २०२५

काकांना आणि काकीला नमस्कार.

अखेर आमच्या हर्षदला कुणीतरी पसंत केलं! चौलची मुलगी म्हणजे आता तुमच्या घरी नारळाला तोटा नाही.

काका, रागवायचं नाही. परवा मी फोन केला तेव्हा ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि जेवायला बसलेल्या गिऱ्हाइकांना वाटलं मालकीणबाईंचं भांडण चाललंय. दिवाळीत मी आले होते तेव्हा 'चहा पुरे' म्हणत राहिले आणि तुम्ही कपावर कप आणून ठेवत राहिलात. अलिबागला कानाचा चांगला डॉक्टर आहे. लग्नाआधी दाखवून या. यंत्र लावलंत तर तुमची ऐट काही कमी होणार नाही.

हळदीला मात्र माझं जमेल असं वाटत नाही. शनिवार आहे, देवळात आणि किनाऱ्यावर गर्दी, खोल्या सगळ्या आधीच ठरलेल्या. मी पहाटे निघून लग्नाला नक्की पोचते. माझ्या वाटची हळद काकीला लावायला सांगा, नाकाच्या शेंड्याला जास्त. आणि सुट्टीचं काय झालं ते कळवा. नवऱ्यालाच सुट्टी नाही असं कधी होईल का?

तुमची
सुचिता


शेतखार,
२१ एप्रिल २०२५

चि. सुचिता,

तुझं तोंड काळं नाही, जीभ काळी आहे. नवऱ्यालाच सुट्टी नाही!

सुट्टी मंजूर होती. बदली माणूसही ठरला होता. गेल्या आठवड्यात निरोप आला की पलीकडच्या एका गेटवरचा माणूस आजारी पडला, म्हणून बदलीवाला तिकडे. लग्नाच्या दिवशी काहीही करून पाठवतो म्हणाले, हळदीच्या दिवसाचं सांगता येत नाही. हर्षद मास्तरकडे जाऊन आला. शिवदास नाव त्याचं, तरणा पोरगा आहे, भला आहे, पण त्या ओसाड स्टेशनात तोही एकटाच, तो कुठून माणूस काढणार? प्रज्योत म्हणाला, मी रात्रपाळी करून दिवसही काढतो. हर्षदच नको म्हणाला. सलग बारा तास जागलेल्या माणसाच्या हाती गेट देऊन मी हळद लावून घेऊ का, म्हणाला. दुसरा माणूस हजर झाल्याशिवाय गेट सोडायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं. आता कुठल्या तोंडाने वेगळं सांगू?

घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं झालं होतं. मग तुझी काकी कमरेला पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "नवरा हळदीला येत न्हाय ना? मंग हळद जाईल नवऱ्याकडं." मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का? तर म्हणते, "गेट काय परमुलखात हाय? तुमच्या बापलेकानी मिळून जितका येळ घरात काढला न्हाय तितका त्या गेटवर काढलाय. त्ये बी आपलं घरच."

मनुबाईला विचारलं. ती म्हणाली, तिने समुद्रातल्या होडीवरसुद्धा हळद लावली आहे, गेट तर जमिनीवर आहे. आता सगळा गाव खूश. बँजो ठरला, टेम्पो ठरला. गाड्या त्या वेळेला नसतातच, असलीच तर एखादी मालगाडी. ती आली तर गेट बंद करायला घरात दोन-दोन गेटमन आहेत.

तुला यायला जमत नाही याची आता तुलाच चुटपुट लागेल.

अंबाजी


शेतखार,
१४ मे २०२५

सुचिता,

तेराव्यापर्यंत तू इथे होतीस आणि मी तुझ्याशी धड दोन शब्द बोललो नाही.  तू माझ्या पुढ्यात ताट ठेवायचीस, मी तुझ्याकडे बघत राहायचो. तू गेल्यावर वाटलं, पत्रात जमेल.

अजून सकाळी उठलो की बायजाला हाक मारतो. मग आठवतं. दर सकाळी नव्याने कळतं की ती मेली, आणि दर सकाळी तितकाच हादरतो. याला सवय होत असेल असं वाटलं होतं.

त्या दिवशीचं मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुला सांगतो. उन्हं कलल्यावर सगळी मंडळी गेटवर आली. केबिनसमोर पाट मांडून हर्षदला हळद लावली. त्या रखरखीत जागेत कधी इतकी माणसं हसलेली मी पाहिली नव्हती. मग बायका त्याला आंघोळीला केबिनच्या मागच्या नळावर घेऊन चालल्या. तो जाता जाता थबकला, फोनकडे बघायला लागला. मी म्हटलं, "जा रं, मी हाय हितं. ह्या गेटवर उभा जन्म काढलाय." तो गेला. मी केबिनच्या दारात उभा राहिलो. फोन माझ्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. मनुबाई पायरीवर बसून धवले म्हणत होती.

परत जायला टेम्पो वळवायचा होता. रस्ता अरुंद, म्हणून तो रूळ ओलांडून पलीकडे वळणार होता. बँजोवाले त्यातच बसून वाजवत होते. बायजा मागे बसली होती, हळदीची परात मांडीवर घेऊन. पोरीबाळी टेम्पोपुढे नाचत होत्या, म्हणून तो पावलापावलाने रुळावर चढला. आणि वळणावरच्या झाडांतून मालगाडी आली.

ती सावकाश येत होती, शिट्या देत होती असं म्हणतात. बँजोपुढे कोण ऐकणार? ड्रायव्हरने ब्रेक लावले, पण भरलेली मालगाडी जागच्या जागी उभी राहत नाही. बाकीच्यांनी उड्या टाकल्या. बायजाचे गुडघे तुला माहीत आहेत. तिला उठता आलं नाही.

आता मुद्द्याचं. मास्तर म्हणतो त्याने गेटला पुन्हा पुन्हा फोन केला, कुणी उचलला नाही, म्हणून ड्रायव्हरला चिठ्ठी दिली की गेट जवाब देत नाही, जपून जा. साफ खोटं. फोन वाजलाच नाही. मी तिथे उभा होतो, सुचे. चिठ्ठी लिहायला सुचलं आणि फोन करायला हात मोडले होते का?

याहून मोठा धक्का मला काल बसला. प्रज्योतने सांगितलं, हर्षदने जबाबात लिहून दिलंय की केबिनमध्ये तो स्वतः होता, फोन वाजत होता, आणि नाचगाण्याच्या नादात त्याने उचलला नाही. माझा मुलगा असं लिहून देतो? त्याला धमकावलंय. मास्तरला वाचवायला माझ्या पोराचा बळी चाललाय. त्याला निलंबित केलंय, पुढे नोकरी जाईल, खटलाही होईल. विचारलं तर मान खाली घालून उठून जातो.

२७ जूनला चौकशी आहे. मी जाऊन सांगणार की फोनपाशी मी होतो. तुझं लिहिणं चांगलं आहे, मला अर्ज लिहून पाठव.

काका


हरिहरेश्वर,
२० मे २०२५

हर्षद,

फोन केला की तू "बरंय" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. काकांचं पत्र आलं. ते वाचून मी सुन्न झाले आहे.

काका म्हणतात तू आंघोळीला गेला होतास आणि फोनपाशी ते होते. तू लिहून दिलंस की तू होतास. दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय, आणि तुम्हा दोघांनाही खोटं बोलता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुला कुणी धमकावलं का? कुणी काही कबूल करून घेतलं का? लग्न लांबलं तरी तेराव्याला शिवानी तुझ्या शेजारी बसून होती, तिलाही तू काही सांगितलेलं नाहीस. तिने जाताना माझा हात धरून विचारलं, "ताई, ह्यांच्या मनात काय आहे?" मी काय सांगणार?

मला खरं सांग. काकांनी माझ्याकडे अर्ज मागितलाय आणि तो लिहायला मी बसलेच होते.

ताई


शेतखार,
२६ मे २०२५

सुचिताताई,

अर्ज लिहू नकोस. तुझ्या पाया पडतो.

मला कुणी धमकावलेलं नाही. शिवदास मास्तर तर माझ्यासमोर रडले. फोन वाजला होता, ताई. एकदा नाही, सारखा वाजत होता. मनुआजी पायरीवरच होती. तिने गाणं मध्येच थांबवलं आणि बाबांना म्हणाली, "अंबाजी, फोन वाजतंय रं." बाबांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि हसले. त्यांना वाटलं असेल ती कौतुकाने काहीतरी म्हणते आहे. आजीला वाटलं, ह्यांना ठाऊक असेल काय करायचं ते, जन्मभर गेट सांभाळलेला माणूस, त्याला मी कोण सांगणार? तिने पुढचा धवला धरला. मी मागे नळाखाली होतो, अंगावर पाणी, कानात बँजो.

आईला आम्ही अजून उचललंही नव्हतं तेव्हा आजीने मला बाजूला घेऊन हे सांगितलं.  मी तिच्याकडून शपथ घेतली की कुणाला सांगायचं नाही.

बाबांना ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं का? घरात सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांना राग येतो म्हणून आम्ही कुणी विषय काढायचो नाही. मोठ्याने बोलायचो, मागाहून हसायचो. आणि तरी त्या दिवशी ते "मी हाय हितं" म्हणाले आणि मी गेलो. नोकरीवर मी होतो. गेट माझं होतं. मग जबाबात मी खोटं काय लिहिलं?

नोकरी गेली तर जाऊ दे. पण आई कशामुळे गेली हे बाबांना कळलं तर ते एक दिवस जगणार नाहीत. ते चौकशीला गेले आणि फोनपाशी मी होतो म्हणाले, तर साहेब पहिल्याच प्रश्नाला ओळखतील. तू त्यांना २७ तारखेच्या आत हरिहरेश्वरला घेऊन जा. एवढं कर.

हर्षद


हरिहरेश्वर,
२ जून २०२५

काकांना नमस्कार.

अर्जाचं बघते आहे. इथे वकील आहेत एक ओळखीचे, त्यांना विचारून लिहीन, घाई नको.

दुसरं म्हणजे, काकीच्या नावाने इथे पिंडदान करावं असं फार मनात आहे. लांबून लांबून लोक त्यासाठी इथे येतात आणि आपलं माणूस मात्र राहून गेलं, हे मला डाचतं. गुरुजींनी २७ जून हा दिवस दिला आहे, पुढे पावसाने जमणार नाही म्हणाले. तुम्ही दोन-चार दिवस आधीच या. मी गाडी पाठवते. चौकशीची तारीख काय, पुढेही मिळेल.

सुचिता


शेतखार,
९ जून २०२५

सुचिता,

तुझं पत्र वाचून मला आश्चर्य वाटलं. बायजाचं जे काही करायचं ते मी करीन, पण आधी तिला मारणारा कोण ते सगळ्यांसमोर येऊ दे. तोवर तिच्या पिंडाला हात लावायचं तोंड मला नाही. गुरुजींना सांग, दुसरा दिवस द्या.

इथे गाव माझ्या मागे आहे. गेट जवाब देत नाही ही चिठ्ठी म्हणजे मास्तरने स्वतःला वाचवायला रचलेलं थोतांड, हे आता सगळ्यांना पटलंय. परवा पोरं चिडून स्टेशनवर गेली. शिवदासच्या खोलीवर दगड मारले. काचा फुटल्या. त्याच्या बायकोच्या, अमिषाच्या, कपाळाला काच लागली, टाके घालावे लागले म्हणतात. ती पाच महिन्यांची गरोदर आहे. तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. शिवदास मात्र ड्युटीवर आहे, कारण त्याच्या जागी यायला दुसरा माणूस नाही.

मी तिथे नव्हतो. मी कुणाला दगड मार म्हटलं नाही. पण खरं सांगू? ऐकून मला वाईट वाटलं नाही. माझी बायजा त्या परातीसकट गेली, तेव्हा त्याला काय झालं होतं?

अर्ज लवकर पाठव. नाही पाठवलास तरी मी तोंडी सांगणार आहे.

काका


हरिहरेश्वर,
१३ जून २०२५

काका,

फोन वाजला होता.

हे वाक्य मी फाडून फाडून पुन्हा लिहिलं. याआधी काय लिहू म्हणजे तुम्हाला कमी लागेल, ते मला सुचलं नाही. तुम्ही दारात उभे होतात तेव्हा तुमच्या मागे फोन सारखा वाजत होता. मनुबाईने तुम्हाला सांगितलंही. तुम्ही तिच्याकडे बघून हसलात. तुम्हाला ना फोन ऐकू आला, ना ती. मास्तर खरं बोलतोय. हर्षदला कुणी धमकावलेलं नाही. त्याने तो जबाब तुमच्यासाठी दिला, तुम्हाला हे कधीच कळू नये म्हणून. माझ्याकडूनही त्याने तेच मागितलं, आणि मी कबूल झाले. पिंडदानाची तारीख कुणी गुरुजींनी दिली नव्हती. ती मी दिली. काकीच्या नावावर मी तुमच्याशी खोटं बोलले, याची मला लाज वाटते.

मी गप्पच बसणार होते. पण अमिषाचं वाचलं आणि मला गप्प बसवेना. पाच महिन्यांची गरोदर पोर, काका. तिने कुणाचं काय केलं होतं? आणि तुम्ही लिहिता वाईट वाटलं नाही? हे माझे काका लिहितात, यावर माझा विश्वास बसेना. गेटवर कुत्रं आलं तर गाडीच्या आधी हाकलायला धावणारा माणूस तुम्ही.

तुम्ही एकट्याने हे केलं असं मी म्हणत नाही. तिसरी जागा भरली असती तर काकीने हळद घरच्या अंगणात लावली असती. आम्ही सगळ्यांनी तुमच्या कानांची थट्टा करण्यापेक्षा तुम्हाला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं तर. मीही पत्रात विनोदच केला. पण फोन वाजला नाही हे खरं नाही, आणि त्या खोट्यावर आता गाव दगड मारतोय.

तुम्ही माझं तोंड पुन्हा बघितलं नाहीत तरी मला सोसावं लागेल. हर्षदवर रागवू नका.

सुचिता


शेतखार,
२२ जून २०२५

चि. सुचिता,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. तुला नाही नाही ते बोललो, घरात एकटाच होतो म्हणून बरं. तू त्या मास्तरला फितूर झालीस असंही वाटलं. मनुबाईकडे गेलो तर ती मला बघून आत गेली आणि दार लावून घेतलं. तरी मला पटलं नाही. म्हातारी घाबरली असेल म्हटलं.

मग गेटवर गेलो. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. हर्षदच्या जागी आता कुलदीप म्हणून रिटायर फौजी कंत्राटावर घेतलाय. ड्युटी बदलते तेव्हा फोन चालू आहे की नाही ते बघायला स्टेशनवरून बेल देतात, तो आमच्या वेळचाच रिवाज. ती वेळ साधून मी गेलो. कुलदीपला म्हटलं, मला इथे दारात जरा उभं राहू दे. तो भला माणूस, काही विचारलं नाही. मी त्या दिवशी उभा होतो तसाच उभा राहिलो, फोनकडे पाठ करून. बँजो नव्हता, माणसं नव्हती, रस्त्यावर एक सायकलसुद्धा नव्हती. मी कान लावून उभा होतो. आता वाजेल, आता वाजेल. मनात म्हटलं, वाजू दे, मग सुचीला असं पत्र लिहितो की जन्मभर आठवण राहील.

तेवढ्यात कुलदीपने माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला बाजूला केलं आणि फोन उचलला.

मला काही ऐकू आलं नव्हतं. काहीच नाही. तो फोन ठेवून माझ्या कानाशी ओरडला, "काका, किती वेळ वाजतोय, हलत का नाही?"

मी तिथेच पायरीवर बसलो. उठता येईना.  मला वाटत होतं की मला ऐकू येत नाही ते फार तर माणसांचं बोलणं. गेटचा फोन मला ऐकू येणार नाही हे कधी डोक्यात आलं नव्हतं. झोपेतून ज्या आवाजाला उठायचो तो आवाज कधी गेला, तेच मला कळलं नाही. सुचे, मी तिला मारलं. मी हातभर अंतरावर उभा होतो आणि हसत होतो.

कुलदीपने पाणी दिलं. तिथून मी तसाच स्टेशनवर गेलो. शिवदास टेबलापाशी होता. खिडकीला पुठ्ठा लावलेला. मी हात जोडले. तो उठून जवळ आला, पुष्कळ काही बोलला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. काय बोलला ते मला कळलं नाही. पुन्हा सांग म्हणायचीही लाज वाटली. गावात येऊन पोरांना चावडीवर बोलावलं आणि फोन वाजला होता हे सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी काही बोललं नाही. निदान मला तसं दिसलं.

हर्षदला म्हटलं, जबाब बदल. तो नाही म्हणतो. पायाला मिठी मारली त्याने. मी त्याला सांगितलं की गेट दुसऱ्याच्या हाती दिलंस ही चूक तुझी, ती तुझी तू भोग. पण माझी चूक तुला देणार नाही. तो उठून शेताकडे गेला तो संध्याकाळी आला. शिवानी आली होती, तिनेच त्याला हाताला धरून घरात आणलं. दोघं ओट्यावर बसून होती.

मनुबाईने काल दार उघडलं. तिला खूप विचारायचं होतं. बायजाने टेम्पोतून मला हाक मारली होती का, एवढंच विचारायचं राहिलं. माझी हिंमत झाली नाही.

२७ तारखेला तू ये. पिंडाचं नंतर बघू. चौकशीच्या खोलीत साहेब टेबलाच्या पलीकडून काय विचारतील ते मला ऐकू येणार नाही. तू माझ्या शेजारी बस आणि त्यांचा एकेक प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून माझ्यापुढे सरकव. उत्तर मी देईन.

तुझा काका,
अंबाजी